दिवाळीपर्यंतची मुदत

नगर जिल्ह्यातल्या खेड्यापाड्यांसाठी 1947 ते 1949 ही तीन वर्षं मोठी भाग्याची. 1947 साली डॉ. भास्कर पांडुरंग हिवाळे यांनी अहमदनगर कॉलेज काढलं. पुढच्या वर्षी, 1 जून 1948 ला, एसटीची पहिली गाडी धावली ती पुणे–अहमदनगर रस्त्यावर. आणि 1949 साली पुणे विद्यापीठ उभं राहिलं. यातल्या पहिल्या आणि तिसऱ्या गोष्टीचा उल्लेख समारंभातल्या भाषणांत हमखास होतो. माझ्या मते खरं काम केलं ते मधलीनं. पाथर्डी-शेवगावकडचं, कर्जत-जामखेडकडचं पोरगं पदवीधर झालं, कारण त्याचा डबा रोज सकाळी शहरात पोचायला लागला.

मी एफ.वाय.बी.एस्सी.ला नगरला आलो तो 1983 चा पावसाळा. कपिल देवनं लॉर्ड्सवर कप उचलल्याची चर्चा अजून पानटपऱ्यांवर संपली नव्हती. गाव तिसगावच्या पलीकडं, पाथर्डी तालुक्यात. बागडपट्टीत आम्ही तिघांनी मिळून खोली केली होती. खोलीत एक रॉकेलचा स्टो होता, पण तो चहापुरता. जेवण यायचं एसटीनं.

आजच्या पोरांना हे सांगितलं की ती हसतात, म्हणून जरा नीट सांगतो. गावात मुक्कामी गाडी असायची. पहाटे ती निघायच्या आत आईच्या भाकरी झालेल्या असायच्या. जर्मलचा डबा, त्यावर ऑइल पेंटनं आडनाव आणि गाव, वर जुन्या धोतराच्या फडक्याची गाठ. धाकटा भाऊ सायकलवर येऊन तो ड्रायव्हरच्या शेजारी, बॉनेटपाशी ठेवायचा. वाटेत प्रत्येक फाट्यावर आणखी दोन-चार डबे चढायचे. गाडी करंजीचा घाट चढून-उतरून, चांदबिबीच्या महालाखालून, भिंगारवरून माळीवाड्याच्या स्टँडवर लागली की कंडक्टर डबे खाली उतरवून भिंतीला ओळीनं लावायचा. तिथं कॉलेजची पोरं आधीच घोटाळत असायची. दुसऱ्याचा डबा कोणी उचलल्याचं मला आठवत नाही. उचलला तरी उपयोग नव्हता, सगळ्यांत बाजरीची भाकरी आणि शेंगदाण्याची चटणीच असायची. शेंगोळी आली तर तो सण.

सकाळी निम्मं खायचं, निम्मं रात्रीला. उन्हाळ्यात रात्रीपर्यंत कोरड्यास आंबायचं, तेव्हा नुसती भाकरी आणि कांदा. आणि हा डबाच आमचं टपालखातं होता. झाकणाच्या आत चिठ्ठी: 'फीचं पुढच्या बाजारी बघू', 'म्हातारीला बरं नाही, पण तू येऊ नको', 'खोंड दिला'. रिकामा डबा संध्याकाळच्या गाडीनं परत जायचा, त्यात माझी चिठ्ठी. मी तीत नेहमी एकच लिहायचो, अभ्यास चालू आहे. घाटात गाडी पंक्चर झाली किंवा एसटीचा संप झाला, तर त्या दिवशी घरची खबरही नाही आणि पोटाला भाकरीही नाही. पहिल्या वर्षाचा ताण कसला, असं मला कोणी तेव्हा विचारलं असतं, तर मी कॅल्क्युलसच्या आधी सकाळच्या गाडीचं नाव घेतलं असतं.

कॅल्क्युलसचं नाव मात्र लगेच दुसरं. आमच्या तालुक्याच्या ज्युनिअर कॉलेजात सायन्स शिकवायचे ते मराठीतच, शब्द तेवढे इंग्रजी. इथं सर फळ्याकडं तोंड करून सलग इंग्रजीत बोलायचे आणि पुढच्या बाकांवरची कॉन्व्हेंटची मुलं माना डोलवायची. आम्ही मागच्या बाकांवर, पायातली स्लीपर बाकाखाली सारून, जे कळेल ते देवनागरीत उतरवून घ्यायचो. 'लिमिट टेंड्स टू' हे मी कितीतरी दिवस 'टेंट्सटू' असं एकच लिहीत होतो. शंका विचारायची तर ती आधी इंग्रजीत जुळवावी लागायची, आणि ती जुळेपर्यंत घंटा व्हायची. शंका नाही म्हणजे समजलं, असा सरांचा समज. त्यांचंही चूक नव्हतं. त्यांना शंभरावर पोरांचा वर्ग एका फळ्यावर ओढायचा होता.

याच जिल्ह्यात, संगमनेर कॉलेजात, रंगनाथ पठारे नावाचे प्राध्यापक फिजिक्स शिकवत होते आणि मराठीत कथा-कादंबऱ्या लिहीत होते, हे मला फार उशिरा कळलं. पुढं 'ताम्रपट'ला 1999 चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. मराठीला अभिजात दर्जा मिळावा म्हणून राज्य सरकारनं नेमलेल्या समितीचे अध्यक्षही तेच होते, आणि तो दर्जा 2024 च्या ऑक्टोबरात मिळालाही. फिजिक्स आणि मराठी एका डोक्यात सुखानं नांदू शकतात, हे एफ.वाय.च्या पहिल्या महिन्यात कोणी सांगितलं असतं तर मागच्या बाकावरची किती पोरं सायन्स सोडून आर्ट्सकडं वळायची थांबली असती, कोण जाणे.

पण आमच्याकडं एक गोष्ट मुबलक होती, ती म्हणजे वेळ. वर्षाची परीक्षा एकदाच, एप्रिलात. जून-जुलैत भरती, ऑगस्टमध्ये पाऊस, सप्टेंबरात गणपती. ऑक्टोबरात टर्मिनल व्हायची, तिचे मार्क बोर्डावर लागायचे आणि आम्ही ते लांबूनच बघायचो. प्रॅक्टिकलचं जर्नल सर्टिफाय झालं नाही तर टर्म ग्रँट होणार नाही, ही एकच धमकी, आणि तीही खरी व्हायची ती फेब्रुवारीत. तोपर्यंत आम्ही काही न कळण्याचा हक्क पुरेपूर वापरला. दुपारची वेळ चितळे रोडवरच्या जिल्हा वाचनालयात जायची. हे वाचनालय 1838 सालचं, म्हणजे मुंबई विद्यापीठापेक्षाही जुनं. तिथं पंख्याखाली बसून मी फिजिक्स सोडून सगळं वाचलं. आशा टॉकीज आणि चित्रा टॉकीज ही आणखी दोन अभ्यासकेंद्रं. 15 ऑगस्टला किल्ला सगळ्यांसाठी उघडायचे, तेव्हा 1942 ते 45 मध्ये नेहरूंना ठेवलं होतं ती खोली बघून आलो. या माणसानं तीन वर्षांच्या कैदेत एवढा थोरला इतिहासाचा ग्रंथ लिहिला आणि आपल्याला एक जर्नल पुरं करवत नाही, असं खोलीत आल्यावर एक जण म्हणाला. तो पुढं तलाठी झाला.

या वायफळ वाटणाऱ्या महिन्यांत बरंच काही घडत होतं, ते मला आता दिसतं. हॉटेलात पाणी कसं मागायचं, लायब्ररीच्या कारकुनाशी कसं बोलायचं, शहरातल्या मुलाच्या घरी गेल्यावर चपला कुठं काढायच्या, ई.बी.सी.च्या फॉर्मला लागणारा उत्पन्नाचा दाखला तलाठी आप्पांच्या दारात किती दिवस बसून मिळतो. ई.बी.सी. ही फीमाफी यशवंतराव चव्हाणांच्या काळात सुरू झाली आणि आमच्यासारख्यांचं निम्मं ओझं तिनं उचललं, उरलेलं निम्मं बाजरीनं. दिवाळीला गावी गेलो तेव्हा मी थोडा नगरचा झालो होतो. दिवाळीनंतर वर्गात जाऊन बसलो तर सरांचं इंग्रजी पूर्वीचंच होतं, पण मला निम्मं कळायला लागलं होतं. मधल्या काळात कोणी शिकवणी घेतली नव्हती. नुसते दिवस गेले होते.

आता हे सगळं गोडच होतं असं म्हणायला मी बसलेलो नाही. स्मरणरंजनात माणूस नेमकं जे वाचले त्यांच्याबद्दल लिहितो. आमच्या खोलीतला तिसरा मुलगा मला आठवतो. हुशार होता, बारावीला आमच्या दोघांपेक्षा जास्त मार्क. पण वर्गात त्याला काहीच लागत नव्हतं, आणि ते त्यानं आम्हालाही कळू दिलं नाही. त्याच्या चिठ्ठीतही अभ्यास चालूच असायचा. एप्रिलात पेपर दिले, जूनमध्ये निकाल लागला, आणि तो परत आलाच नाही. त्याची गोधडी आणि डबा आम्ही गाडीनं पाठवून दिला. म्हणजे जून ते जून, एक अख्खं वर्ष त्या मुलाचं बिनसलेलं होतं आणि कॉलेजला, घराला, शेजारी झोपणाऱ्या आम्हा दोघांना त्याचा पत्ता नव्हता. वार्षिक पद्धत अशीच होती. ती मुदत द्यायची भरपूर, पण हाक एकदाच मारायची, आणि तीही सगळं संपल्यावर.

माझी पुतणी गेल्या वर्षी नगरच्याच एका कॉलेजात बी.एस्सी. कॉम्प्युटर सायन्सला लागली. नगर आता अहिल्यानगर, विद्यापीठाच्या नावात 2014 पासून सावित्रीबाई फुले, आणि परीक्षेचं नाव सेमिस्टर. आपल्या विद्यापीठात बी.ए., बी.कॉम., बी.एस्सी.ला पहिल्या वर्षापासून क्रेडिट-सेमिस्टर आली ती 2019 च्या पॅटर्नमध्ये, आणि 2024 पासून नवीन शैक्षणिक धोरणाचा पॅटर्न. तिनं मला पहिल्या सत्राचे विषय सांगितले तेव्हा मला वाटलं ती गाड्यांचे नंबर सांगतेय. मेजर, ओई, व्हीएससी, आयकेएस, एईसी, व्हीईसी, आणि सीसी म्हणजे अभ्यासाला जोडून करायचे उपक्रम. एका सत्राला 22 क्रेडिट. चार क्रेडिटच्या विषयाला 30 मार्क आतले, 70 बाहेरचे. आतले 30 म्हणजे चाचणी, असाइनमेंट, प्रेझेंटेशन, आणि ते सत्र चालू असतानाच घ्यायचे. प्रवेशाबरोबर पीआरएन, एबीसी आयडी, महाडीबीटीचा अर्ज. सेतूतून दाखला काढायला तिला तलाठ्याच्या दारात बसावं लागलं नाही. मात्र सर्व्हर डाऊन असला की ती सेतूवाल्याच्या दारात बसली.

सत्र कागदावर सहा महिन्यांचं. प्रत्यक्षात प्रवेशफेऱ्या संपून वर्ग बसेपर्यंत ऑगस्ट उजाडतो, आणि बसलेला वर्गही स्थिर नसतो. कारण निम्म्या पोरांचं लक्ष इंजिनिअरिंग आणि फार्मसीच्या कॅप राउंडकडं. ओळख झालेली मैत्रीण एका सोमवारी येत नाही, मग कळतं तिला लोणीला सीट लागली. तिच्या जागी दुसरी येते. आमच्या खोलीतली माणसं निदान वर्षभर तीच होती. इथं ओळख पक्की होईस्तोवर पहिली चाचणी येऊन गेलेली असते. मग गणपती, नवरात्र, दुसरी चाचणी, दिवाळी आणि दिवाळी झाली की हॉल तिकीट. ज्या दिवाळीला मी थोडा माणसाळून गावी गेलो होतो, त्या दिवाळीला हिचे आतले मार्क ठरूनही गेलेले असतात.

हे सगळं ती अप-डाऊन करून करते. विद्यार्थ्यांना एसटीच्या पासात दोन तृतीयांश सवलत आहे, त्यामुळं खोली करायची गरज नाही, असं घरात ठरलं. मुलगी संध्याकाळी घरात हवी हेही ठरलं, ते कोणी मोठ्यानं म्हटलं नाही इतकंच. परिणाम असा की डबा ती स्वतः घेऊन जाते, आणि बऱ्याचदा स्वतःच करते. आम्हाला घरानं नगरला पाठवलं तेव्हा घराच्या कामातूनही मोकळं केलं होतं. दावणीच्या जनावरांना वैरण टाकायला मी एफ.वाय.ला नव्हतो. ही पहाटे उठते, गाडीत अर्धी झोप काढते, कॉलेज करते, तिसऱ्या प्रहरी परतीच्या गाडीत उभी राहते आणि घरी आल्यावर भाकरीला बसते. असाइनमेंट रात्री अकराला पीडीएफ करून ग्रुपवर टाकायची. तिच्या वर्गात माझ्या वर्गापेक्षा कितीतरी जास्त मुली आहेत. आमच्या वेळी गावाकडच्या मुली एफ.वाय.ला अगदी बोटांवर मोजण्याइतक्या, त्या बहुतेक नातेवाइकाच्या घरी राहणाऱ्या. तेव्हा हे अप-डाऊन नसतं तर ती कॉलेजातच नसती, हे मला माहीत आहे. तरीही 22 क्रेडिटमध्ये या भाकरींचं एकही क्रेडिट नाही, असं तिला म्हटलं तर ती म्हणाली, "नाना, ते सीसीत दाखवता येईल का बघते."

ताण नावाची गोष्ट आता उघड बोलली जाते, हे मात्र मला आमच्यापेक्षा फार बरं वाटतं. 'टेली-मानस'चा 14416 हा नंबर कॉलेजच्या भिंतीवर लावलेला तिनं पाहिलाय. 'दीक्षारंभ' नावाचा स्वागताचा कार्यक्रम होतो. यूजीसीनं तो 2019 च्या सुमारास सगळ्यांना सांगितला, त्यात नवीन मुलांना रुळू द्यावं, कॉलेज दाखवावं, शिक्षकांशी ओळख व्हावी असा हेतू आहे. हेतू उत्तम. तिच्याकडं तो झाला तेव्हा दिवसभर भाषणं झाली आणि शेवटी हजेरी घेतली. प्रत्येकाला एक मेंटॉर शिक्षक नेमून दिलाय. तिच्या मेंटॉर मॅडमकडं एवढी नावं आहेत की त्यांची भेट फॉर्मवर सही करायला होते, तेही मॅडमच्या हातात पुढचे सात फॉर्म असताना. मॅडमही बिचाऱ्या तासिका तत्त्वावर. त्यांचा ताण कुठल्या सेमिस्टरमध्ये मोजायचा हा वेगळाच विषय.

आमच्या वेळी दीक्षारंभ करायचा कॉलेजचा शिपाई. फॉर्म कुठं भरायचा, कोणत्या सरांपुढं टोपी काढायची, कोणत्या दारानं उशिरा घुसता येतं, हे सगळं त्याच्याकडून. त्या माणसाला पोराचा चेहरा बघून कळायचं की डबा आलेला नाही.

इंग्रजीचं काय, असं मी पुतणीला मुद्दाम विचारलं. तिला ते आमच्याइतकं अडत नाही. फोनवर भाषांतर होतं, यूट्यूबवर हिंदीत समजावून सांगणारे आहेत, वाचायला तिला निराली प्रकाशनाची पुस्तकं पुरतात. पण प्रेझेंटेशनला उभं राहिल्यावर घसा कोरडा पडतो तो आमच्यासारखाच. फरक असा की आम्ही मागच्या बाकावर लपू शकत होतो. हिला पाच मार्कांसाठी पुढं यावंच लागतं, आणि समोरचे दोघं-तिघं फोनवर शूटिंग करत असतात. आमची फजिती त्या वर्गात संपायची. तिची ग्रुपवर जाते, तिथून इन्स्टावर, आणि रात्री गावातली एखादी चुलती विचारते, काय गं, अडखळलीस म्हणे.

पहिल्या सत्रात तिचा गणिताचा पेपर राहिला. निकाल लागला तेव्हा दुसरं सत्र सुरू होऊन बरेच दिवस झाले होते. घरात जरा गडबड झाली, भाऊ म्हणाला शिकवणी लावू. ती मात्र शांत होती. एटीकेटी आहे, पुढच्या वेळी काढीन, वर्गात निम्म्यांचा राहिलाय. मला आमच्या खोलीतला तो तिसरा आठवला. त्यालाही एखादा विषय असा वर्षाच्या मध्यावर, सगळ्यांच्या देखत राहिला असता, तर आम्ही दोघं तरी त्याच्या शेजारी बसलो असतो. आमच्या पिढीतले माझे मित्र भेटले की म्हणतात, हल्लीची पोरं कच्ची, आम्ही बाजरीवर डिग्री काढली. मी त्यांना सांगतो, तुम्ही काढली, पण तुमच्या बाकावरचे जे गेले त्यांची यादी करा की एकदा. मग विषय उसाच्या भावावर जातो.

तरी एक मागणी मी करणारच. परीक्षा दोनदा असू दे, चार वेळा असू दे. पण पहिल्या सत्रातली पहिली चाचणी दिवाळीच्या आधी नको. ऑगस्ट ते ऑक्टोबर हे महिने पोराला शहर कळायला, भाषा कानावर पडायला, जिल्हा वाचनालयाच्या पंख्याखाली भलतंच काही वाचायला मोकळे ठेवा. पहिल्याच सत्रात 22 क्रेडिट कशाला, सोळा ठेवा, उरलेले पुढं वसूल करा. खेड्यातून येणाऱ्याला आणि नगरच्या सावेडीतून येणाऱ्याला एकाच तारखेला चाचणीला बसवणं यात समानता कमी आणि सोय जास्त आहे.

हे मी विद्यापीठाला पत्रानं कळवायचं म्हणत होतो. मसुदा पुतणीला वाचून दाखवला. तिनं सगळा ऐकला, फोनवर दिनदर्शिका काढली, ऑगस्टपासून डिसेंबरपर्यंत बोट फिरवलं आणि म्हणाली, "नाना, दिवाळीनंतर तीनच आठवडे उरतात. त्यात तीस मार्क कधी घेणार? आणि माझी गाडी साडेचारला असते."